बुकिंगचे पंचवीस हजार देण्याआधी

पत्र : मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, पीसीबीला ६३ टक्के. नीट दिली, २१४ गुण आले. एमबीबीएस होणार नाही हे आम्हाला समजतं. आम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. इंदूरकडच्या एका खासगी विद्यापीठाचा माणूस घरी येऊन गेला. ‘बी.एस्सी. रेडिओलॉजी किंवा लॅब टेक्निशियन, वर्षाला १ लाख ३० हजार, तीन वर्षांत ३ लाख ९० हजारांत काम. होस्टेल-मेस ८० हजार वेगळे. हजेरीची चिंता नको, परीक्षेपुरतं आलं तरी चालेल, पुढेमागे भुसावळला सेंटरही होणार आहे. पोरगी पास झाली की रावेरला स्वतःची लॅब किंवा सोनोग्राफी सेंटर टाकेल’ असं म्हणाला. रविवारपर्यंत २५ हजार देऊन सीट बुक करायची आहे. मुलीच्या मनात फिजिओथेरपी आहे. बँकेचं कर्ज सहा लाखांपर्यंत काढू. काय करावं?

उत्तर : भाऊ, रविवारी पैसे देऊ नका. ते विद्यापीठ चांगलं की वाईट हा मुद्दा नंतरचा. तुमच्या मुलीच्या हातात आधीच एक मोठी गोष्ट आहे आणि घाईत ती निसटेल, म्हणून थांबायचं.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ झाली. अट कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असण्याची. वैद्यकीय शिक्षण विभागाखालचे अभ्यासक्रमही यात येतात. विनाअनुदानित खासगी महाविद्यालय असलं तरी चालतं, मात्र प्रवेश सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या) केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या किंवा संस्थेच्या पातळीवरच्या प्रवेशाला ही माफी लागू नाही. शासन निर्णयात एक कंस आहे आणि पालक नेमका तोच वाचत नाहीत. ‘खासगी अभिमत विद्यापीठे व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळून’ असं त्यात लिहिलंय. राज्याबाहेरच्या विद्यापीठाचा तर प्रश्नच उरत नाही. म्हणून नुसतं ‘खासगी’ म्हणून भागत नाही. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न खासगी महाविद्यालय वेगळं आणि खासगी विद्यापीठ वेगळं. तुमच्या मुलीच्या बाबतीत या दोन शब्दांमध्ये काही लाखांचं अंतर आहे.

मुलीला हवी असलेली फिजिओथेरपी महाराष्ट्रात नीटच्या गुणांवर, सीईटी सेलमार्फतच भरली जाते. तेव्हा २१४ गुण ‘वाया गेले’ असं घरात कुणी म्हणत असेल तर थांबवा. एमबीबीएसला न लागणारे गुण बीपीटीएचच्या (फिजिओथेरपीच्या पदवीच्या) यादीत कामाला येऊ शकतात. गेल्या वर्षीच्या कॅप फेऱ्यांच्या याद्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर असतात. धुळे, जळगाव, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यातली महाविद्यालयं घ्या आणि ओबीसी-मुली या रकान्यात शेवटचा प्रवेश कोणत्या नीट गुणांवर झाला ते एका कागदावर उतरवा. पहिल्या फेरीचा आकडा बघून नाउमेद होऊ नका, शेवटच्या फेरीचा बघा.

नोंदणीची मुदत थोडी असते आणि ती चुकली की गुण कितीही असोत, दार बंद. आजच कागद काढून बसा. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, चालू वर्षाचं नॉन क्रीमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका. यात गाडी अडते ती जात वैधतेवर. जळगावच्या पडताळणी समितीकडे अर्ज केलेला नसेल तर उद्या करा आणि पोचपावती जपा. दुसरी अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँक पासबुकात आजोबांचं नाव. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा फी माफीचा अर्ज अशा फरकांवर परत येतो. मुलीच्या नावाचं, आधारशी जोडलेलं खातं आत्ताच करून ठेवा. माफीचा अर्ज दरवर्षी नव्याने भरायचा असतो. पहिल्या वर्षी भरून दुसऱ्या वर्षी विसरलेली मुलं दर साली दिसतात.

आता त्या माणसाच्या बोलण्याकडे वळू.

‘हजेरीची चिंता नको’ हे वाक्य तो सोय म्हणून सांगतोय. आमच्या मते त्याच्या सगळ्या बोलण्यात हेच सर्वांत वाईट. एक्स-रे काढणं, रक्त घेणं, स्लाइड रंगवणं हे हाताचं काम आहे. संसदेने २०२१ मध्ये सहायक व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. लॅब, रेडिओलॉजी, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस, फिजिओथेरपी, ऑप्टोमेट्री, आहारशास्त्र असे व्यवसाय त्याच्या कक्षेत येतात. पदवीधारक ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ म्हणवून घ्यायला किमान ३,६०० तासांचं शिक्षण, तीन ते सहा वर्षांत पसरलेलं, असं कायदा सांगतो. पदविकेच्या पातळीवर ते २,००० तास, दोन ते चार वर्षांत. परीक्षेपुरतं जाऊन ३,६०० तास भरत नाहीत. शिवाय या कायद्याखालचे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवायला यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मनाई केली आहे. कुणी ‘घरबसल्या बीएमएलटी’ (लॅब टेक्नॉलॉजीची पदवी) म्हणत असेल तर पुढचं ऐकण्यात वेळ घालवू नका. (नर्सिंग आणि फार्मसी या कायद्यात नाहीत. त्यांच्या परिषदा वेगळ्या, इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया.)

‘भुसावळला सेंटर’ हेही तसंच. खासगी विद्यापीठ राज्याच्या विधानसभेने केलेल्या कायद्यातून जन्माला येतं आणि त्याचा वावर त्या राज्यापुरता. मध्य प्रदेशच्या कायद्याने झालेल्या विद्यापीठाने महाराष्ट्रात वर्ग भरवणं नियमात बसत नाही. छत्तीसगडने २००२ च्या कायद्याने अशी शंभराहून जास्त विद्यापीठं धडाधड काढली होती. प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००५ मध्ये ती सगळी रद्द ठरवली आणि मुलं अधांतरी राहिली. म्हणून आधी यूजीसीच्या संकेतस्थळावरच्या राज्य खासगी विद्यापीठांच्या यादीत नाव बघा. नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. एखादा शब्द मागेपुढे करून मिळतंजुळतं नाव ठेवायची युक्ती जुनी आहे. यूजीसी बोगस विद्यापीठांची यादीही काढते, तीही तिथेच मिळेल.

विद्यापीठ यादीत आहे म्हणून अभ्यासक्रमही ठीक असेल असं मात्र नाही. यूजीसीच्या कायद्याने विद्यापीठ पदवी देऊ शकतं, पण काम करायला नाव त्या व्यवसायाच्या परिषदेच्या रजिस्टरवर चढावं लागतं. तेव्हा तीन प्रश्न लेखी विचारा. पदवी प्रमाणपत्रावर अभ्यासक्रमाचं नेमकं नाव काय छापलं जाईल? तोंडी ‘बी.एस्सी. रेडिओलॉजी’ आणि कागदावर ‘बी.व्होक.’ (व्यवसाय-कौशल्याची वेगळी पदवी) असं सर्रास होतं, आणि सरकारी भरतीच्या जाहिरातीत पात्रतेची पदवी नावानिशी दिलेली असते. इंटर्नशिप किती आणि कुठल्या रुग्णालयात? आणि आधी उत्तीर्ण झालेल्या महाराष्ट्रातल्या मुलांची नोंदणी आपल्या राज्याच्या परिषदेत झाली आहे का? झाली असेल तर एकाचं नोंदणीपत्र बघायला मागा. खरं असेल तर दाखवायला दोन मिनिटं लागतात.

रेडिओलॉजी आणि लॅबच्या पदवीची आता रुळलेली बांधणी तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप अशी आहे. ‘तीन वर्षांत काम’ म्हणणारा चौथ्या वर्षाबद्दल गप्प आहे. त्या वर्षी फी लागते की विद्यावेतन मिळतं, हे विचारा. फी लागत असेल तर तुमचा हिशेब असा होतो : १ लाख ३० हजार गुणिले चार म्हणजे ५ लाख २० हजार. होस्टेल-मेस ८० हजार गुणिले चार म्हणजे ३ लाख २० हजार. एकूण ८ लाख ४० हजार. परीक्षा फी, गणवेश, अनामत, जाणं-येणं अजून धरलेलं नाही.

सहा लाखांचं कर्ज काढायचं म्हणता, तर तेही मांडू. दरवर्षी दीड लाख उचलले आणि व्याज दहा टक्के धरलं, तर चार वर्षांत सरळ व्याज दीड लाख होतं. शिक्षणानंतरच्या सवलतीच्या एका वर्षात आणखी ६० हजार. हप्ता सुरू होतो तेव्हा डोक्यावर ८ लाख १० हजार असतात. दहा वर्षांच्या फेडीला महिन्याला साधारण १०,७०० रुपये. मुलगी शिकत असताना दरमहा व्याज भरत गेलात तर हे २ लाख १० हजार अंगावर चढणार नाहीत. केळीच्या कटाईचे पैसे हातात येतात तेव्हा हे जमू शकतं. आता एक काम करा. जळगावच्या दोन-तीन लॅब आणि एक्स-रे सेंटरांत जाऊन नव्या पदवीधराला हातात काय पडतं ते विचारा आणि तो आकडा १०,७०० च्या शेजारी ठेवा. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने जमीन तारण मागू नये अशी हमी योजना आहे. व्यवस्थापकाने सातबारा मागितला तर कोणत्या नियमाने मागताय ते विचारा.

‘स्वतःची लॅब, सोनोग्राफी सेंटर’ या बाबतीत तर तुमची सरळ फसवणूक चालली आहे. सोनोग्राफी १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखाली येते. मशीनची आणि केंद्राची नोंदणी लागते आणि तपासणी पात्र डॉक्टरनेच करायची. रेडिओलॉजी टेक्नॉलॉजिस्ट एक्स-रे, सीटी, एमआरआय चालवतो. गरोदर बाईच्या पोटावर त्याने प्रोब ठेवला तर तो गुन्हा आहे. लॅबच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं की रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिकलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी. बीएमएलटी झालेली मुलगी लॅबचा कणा असते, पण रिपोर्टखालची सही तिची नसते. पगारी टेक्नॉलॉजिस्ट म्हणून हा व्यवसाय चांगला आहे. मालकीच्या स्वप्नावर मात्र तो विकला जाऊ नये.

विद्यापीठ तरीही बघायचं असेल तर जरूर बघा, पण त्यांनी बोलावलेल्या ‘ओपन डे’ला नको. साध्या मंगळवारी-बुधवारी, न कळवता, सकाळी दहाला पोहोचा. रावेरहून बऱ्हाणपूरमार्गे इंदूर काही परदेश नाही. टिश्यूकल्चरची रोपं घेताना तुम्ही नर्सरीत जाऊन पान उलटून बघता, कारण सीएमव्ही हा विषाणूरोग आलेलं रोप पुढे उपटूनच टाकावं लागतं. इथेही तेवढंच करायचं आहे. कागदावर भरवसा किती ठेवायचा याचं एक उदाहरण मध्य प्रदेशातच घडलं. उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने ३०८ नर्सिंग महाविद्यालयं तपासली, ६५ अयोग्य निघाली. पुढे २०२४ मध्ये त्या तपासणीतल्याच काही अधिकाऱ्यांना लाच प्रकरणात अटक झाली आणि ‘योग्य’ ठरलेली महाविद्यालयं पुन्हा तपासायची वेळ आली.

इमारत आणि एसी वर्ग सगळीकडे सारखेच, त्यावर वेळ घालवू नका. थेट रुग्णालयात जा. रुग्णालय विद्यापीठाच्या आवारात आहे की वीस किलोमीटरवरच्या कुणाशी करार आहे? करार असेल तर मुलींना ने-आण करणारी बस आठवड्यातून किती दिवस सुटते? ओपीडीत रांग आहे का? वॉर्डात खाटा किती यापेक्षा त्यातल्या किती भरल्या आहेत ते मोजा. रुग्ण नसतील तर नमुने नाहीत, नमुने नाहीत तर मुलं व्हिडिओ बघून पास होतात.

लॅबमध्ये जाऊन बायोकेमिस्ट्रीचं ऑटो अॅनलायझर, सेल काउंटर, एलायझा रीडर चालू आहेत की प्लास्टिक पांघरून झाकलेले आहेत ते बघा. रसायनांच्या बाटल्यांवरची मुदतीची तारीख वाचा. मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली असेल तर मशीन कधीपासून बंद आहे ते कुणाला विचारायला नको. एक्स-रे खोलीत काम करणाऱ्यांच्या छातीवर टीएलडी बॅज आहे का बघा. किरणोत्साराची मात्रा मोजणारी ही पट्टी दर तीन महिन्यांनी बदलून तपासायला जाते. तिथे शिकणाऱ्या मुलांना स्वतःच्या नावाचा बॅज मिळतो का, हे नक्की विचारा. अठरा वर्षांखालच्या प्रशिक्षणार्थीची वार्षिक मर्यादा ६ मिलिसिव्हर्ट आहे आणि बॅजशिवाय ती पाळली जाते की नाही हे कुणालाच कळणार नाही.

मग तिसऱ्या वर्षाची दोन मुलं गाठा, शिक्षकांच्या माघारी. लॅबच्या मुलाला विचारा, रक्त गोठण्याच्या तपासणीची निळी ट्यूब खुणेपर्यंतच का भरायची? एक भाग सायट्रेट आणि नऊ भाग रक्त हे प्रमाण लागतं, रक्त कमी पडलं तर गोठण्याचा वेळ खोटा लांबलेला दिसतो. रेडिओलॉजीच्या मुलाला विचारा, छातीचा पीए एक्स-रे किती अंतरावरून? १८० सेंटिमीटर, कारण जवळून काढला तर हृदय आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. हाताने काम केलेला मुलगा चहाचा कप न ठेवता उत्तर देतो. अडखळला तर त्याचा दोष नाही, त्याला कुणी करू दिलेलं नाही. एवढ्यावर तुम्हाला विद्यापीठ कळेल.

आणखी एक छोटी गोष्ट, जी माहितीपुस्तिकेत नसते. वॉर्डात किंवा लॅबमध्ये जाण्याआधी मुलांना हिपॅटायटिस बीची लस देतात का? तीन डोस असतात, आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. सुई टोचली तर कुणाला कळवायचं, एचआयव्ही प्रतिबंधक औषध कुठे मिळतं हेही विचारा. ते शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं. मुलगी कुठेही शिको, लसीचा पहिला डोस प्रवेशाची वाट न बघता देऊन टाका.

कॅपमध्ये काही न लागण्याची भीती वाटते आणि खासगी जागा हातची जाऊ नये असंही वाटतं, हे आम्हाला समजतं. त्यासाठी परताव्याचा नियम ठाऊक हवा. यूजीसीच्या धोरणानुसार प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी प्रवेश रद्द केला तर फी १०० टक्के परत, फक्त प्रक्रिया खर्च कमाल ५,००० वजा. १५ दिवसांच्या आत ९० टक्के. तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८०, तीस दिवसांपर्यंत ५०, पुढे शून्य. काही वर्षी यूजीसी याहून उदार परिपत्रक काढते. खासगी विद्यापीठांनाही हे बंधनकारक आहे. पण हा नियम विद्यापीठाच्या खात्यावर भरलेल्या, पावती असलेल्या फीपुरता. एजंटला रोख किंवा त्याच्या फोनवर पाठवलेले ‘बुकिंगचे’ पैसे कुठल्याच नियमात येत नाहीत. आणि मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला ठेवून घेण्याचा अधिकार कुठल्याही संस्थेला नाही. पडताळणी करून तिथल्या तिथे परत घ्या. मूळ कागद अडकले की कॅपमध्ये नंबर लागूनही मुली प्रवेशाला पोहोचू शकत नाहीत.

फिजिओथेरपी की लॅब की रेडिओलॉजी, यावर आमचं मत स्पष्ट आहे. कॅपमधून, फी माफीत बीपीटीएच मिळत असेल तर तेच घ्यावं. साडेचार वर्षं लागतात (नव्या आराखड्यात पाच), पण तिला ते हवंय आणि पुढे स्वतंत्रपणे काम करता येतं. ते न लागल्यास आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बी.पी.एम.टी. या पॅरामेडिकल पदवीकडे बघा. लॅब, रेडिओग्राफी, ऑपरेशन थिएटर अशा शाखा त्यात असतात आणि ते वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयात शिकवलं जातं. जळगाव, धुळे आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय महाविद्यालयांच्या विद्यार्थी विभागात यंदाच्या शाखा आणि जागा विचारून या. खासगी विद्यापीठ तिसऱ्या क्रमांकावर, आणि तेही वरच्या मंगळवारच्या फेरीत उतरलं तरच.

पसंतीक्रम भरण्याआधी मुलीला तीन दिवस बाहेर काढा. एक दिवस रावेरच्या लॅबमध्ये, एक एक्स-रे सेंटरवर आणि एक जळगावच्या एखाद्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये, डॉक्टरांची परवानगी घेऊन, नुसतं कोपऱ्यात उभं राहून बघायला. सकाळी सहाला उपाशीपोटी आलेल्या रुग्णांची रांग, दिवसभर उभं राहणं, लघवीचे नमुने, अर्धांगवायू झालेल्या जड माणसाला कुशीवर वळवणं, हे तिने आधी डोळ्यांनी पाहिलेलं बरं. मग फॉर्मवरचा पहिला क्रमांक तिला स्वतःला लिहू द्या.